एआयने सुटे केलेले ट्रॅक घेऊन उपासना संगीताच्या मिक्सिंगचा सराव

चर्चमधल्या उपासनेच्या संघासाठी मिक्सरवर बसणाऱ्याला सरावाची वेळ मिळते ती नेमकी उपासना चालू असताना. मंडळी समोर असते, गायक गात असतो आणि अशा वेळी बास चार डेसिबलने वाढवून काय होते ते पाहण्याची मुभा नसते. संगीतकार घरी बसून तासन्‌तास वाजवू शकतो, मिक्सिंग करणाऱ्याला तसे करायला सुटे ट्रॅक लागतात. ते आता कोणत्याही तयार गाण्यातून काढता येतात. एआय मॉडेल गाण्यातला आवाज, ड्रम, बास, गिटार वेगवेगळ्या फाइलींत काढून देते.

मात्र हे ट्रॅक मिक्सरवर घेतले आणि सगळे फेडर (पातळी कमीजास्त करणाऱ्या सरकपट्ट्या) शून्यावर ठेवले, की मूळ गाणे जसेच्या तसे वाजते. ईक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणे), कंप्रेशन (मोठे आवाज आपोआप दाबणे), पॅनिंग (आवाज डावीकडे-उजवीकडे ठेवणे), रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमार) आणि वाद्यांचा परस्पर तोल हे सगळे मूळ इंजिनिअरने करून ठेवलेले असते आणि ते ट्रॅकमध्येच राहते. त्यामुळे ट्रॅक काढून थेट मिक्स करायला बसणे म्हणजे सोडवून ठेवलेले गणित पुन्हा उतरवून काढणे. आधी तो तोल मुद्दाम मोडायचा आणि मग कानाने परत बांधायचा. यात आणखी एक फायदा आहे. तोल किती डेसिबलने मोडला याची नोंद ठेवली, की शेवटी उत्तर आकड्यांत तपासता येते. खऱ्या मल्टिट्रॅकवर, म्हणजे मुद्रणातच वेगवेगळ्या घेतलेल्या कोऱ्या ट्रॅकवर, सराव करताना ही सोय नसते, कारण तिथे बरोबर उत्तर असे नसतेच.

गाणे निवडताना

पहिल्या सरावासाठी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले, एकच मुख्य गायक असलेले गाणे घ्या. उपासनेची बरीच गाणी प्रत्यक्ष सभेत मुद्रित झालेली असतात. अशा मुद्रणात लोकांचे गाणे आणि टाळ्या मॉडेलला धड आवाजात टाकता येत नाहीत, धड वाद्यांत. काही लोक व्होकल ट्रॅकमध्ये जातात, काही उरलेल्या वाद्यांत, आणि फेडर हलवला की सभागृहच हलल्यासारखे वाटते. मोठा गायनवृंद आणि जाड सिंथ पॅड (मागे लांबवत राहणारा कीबोर्डचा सूर) एकत्र असलेली गाणीही सुरुवातीला नकोत. लांबवलेला स्वर आणि पॅड यांची कंपने इतकी सारखी असतात की दोन्हींचे तुकडे एकमेकांत मिसळतात.

फाइल वेव्ह किंवा फ्लॅक असावी. एमपी३ मध्ये वरच्या पट्टीतला तपशील आधीच कापलेला असतो, आणि सुटे केल्यावर झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या येतात. शिवाय एमपी३ उलगडताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाऊ शकते, त्यामुळे मूळ गाणे आणि सुटे ट्रॅक काही मिलिसेकंद मागेपुढे होतात. हे पुढे तपासणीत नडते.

ट्रॅक सुटे करणे

डेम्यूक्स हे मेटाच्या संशोधकांनी बनवलेले मुक्त मॉडेल आहे. त्याची नेहमीची आवृत्ती ड्रम, बास, आवाज आणि ‘इतर’ असे ४ ट्रॅक देते, सहा ट्रॅकची आवृत्ती गिटार आणि पियानोही वेगळे काढते. डीझरने २०१९ मध्ये काढलेले स्प्लीटर जुने आणि वेगवान आहे, पण त्याची मूळ मॉडेल सुमारे ११ किलोहर्ट्झच्या वरचा भाग सोडून देतात, म्हणून मिक्सिंगच्या सरावाला ते घेऊ नका. कमांड लिहायची सवय नसेल तर अल्टिमेट व्होकल रिमूव्हर हा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यात डेम्यूक्ससह बरीच मॉडेल एकाच खिडकीत मिळतात.

एकाच फेरीत सहा ट्रॅक काढण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने काढलेले बरे निघतात:

१. मूळ फाइल ६ डेसिबलने कमी करून ३२ बिट फ्लोट वेव्हमध्ये साठवा.
२. रोफॉर्मर प्रकारच्या मॉडेलने आवाज आणि वाद्ये असे दोन भाग करा. आवाजासाठी ही मॉडेल सध्या सर्वांत स्वच्छ काम करतात.
३. आवाजाचा भाग ‘कराओके’ मॉडेलमधून काढा. मुख्य गायक आणि साथीचे गायक वेगळे होतात.
४. वाद्यांचा भाग डेम्यूक्सच्या सहा ट्रॅकच्या आवृत्तीतून काढा. त्यातला पियानो कच्चा निघतो, त्यात इतर वाद्यांचे तुकडे येतात. तो ‘इतर’ मध्ये परत मिसळून ‘कीज आणि पॅड’ असा एकच ट्रॅक करा. या फेरीत निघालेल्या आवाजाच्या ट्रॅकमध्ये काही उरले असेल तर ते मुख्य गायकात मिसळा.

शेवटी हातात सहा ट्रॅक उरतात: मुख्य गायक, साथीचे गायक, ड्रम, बास, गिटार, कीज आणि पॅड. ड्रम आणखी फोडून किक, स्नेअर, झांजा वेगळ्या देणारीही मॉडेल आहेत, पण तिथे स्नेअरमध्ये हाय-हॅट हमखास घुसते. पहिले काही आठवडे ड्रमचा एकच ट्रॅक पुरतो.

पहिल्या पायरीतले ६ डेसिबल कमी करणे वगळू नका. आजची गाणी मास्टरिंगमध्ये कमाल पातळीला भिडवलेली असतात. एखादा सुटा ट्रॅक त्या कमाल पातळीच्या वर गेला, तर डेम्यूक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त तोच ट्रॅक खाली आणते. बाकीचे तसेच राहतात आणि मूळ तोल तुमच्या नकळत बिघडतो. याच कारणासाठी अल्टिमेट व्होकल रिमूव्हरमध्ये आउटपुट नॉर्मलाइझ करण्याचा (पातळी आपोआप ठरावीक आकड्यावर आणण्याचा) पर्याय बंद ठेवा.

जुळणी तपासणे

रीपर किंवा तुमच्या सवयीच्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये सहाही ट्रॅक एकाखाली एक ठेवा, फेडर शून्यावर. सातव्या ट्रॅकवर ६ डेसिबलने कमी केलेली तीच मूळ फाइल घ्या आणि तिची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे लाटेचा वरचा भाग खाली आणि खालचा वर. आता सगळे एकत्र वाजवले की जवळजवळ शांतता यायला हवी. थोडी खरखर, झांजांची धूसर कुजबुज राहणारच. पण गाणे ओळखू येण्याइतके ऐकू आले तर कारण शोधा. एकच वाद्य ठळक उरले असेल तर त्या ट्रॅकची पातळी बदलली आहे. सगळेच गाणे पोकळ, नळीतून आल्यासारखे उरले असेल तर वेळ सरकली आहे. झूम करून पहिल्या किकच्या ठोक्यावर लाटा जुळवा.

एक एक ट्रॅक सोलो करून, म्हणजे एकटाच वाजवून, ऐकला तर निराशा होईल. आवाजात हाय-हॅटची सावली असते, बासमध्ये टॉमचे ठोके येतात, गायकाच्या रिव्हर्बची शेपटी पॅडमध्ये सापडते. ट्रॅक एकत्र वाजले की यातले बहुतेक दोष एकमेकांना भरून काढतात, कारण एका ट्रॅकमधून निसटलेला तुकडा दुसऱ्यात असतोच. ते उघडे पडतात फेडर मूळ तोलापासून फार दूर गेला की, किंवा ८ किलोहर्ट्झच्या वर ईक्यूने उचल दिली की. म्हणून सोलोवर फार रेंगाळू नका. तसेही उपासनेत सोलो बटण दाबून शोधाशोध करायला वेळ नसतो.

तोल मोडणे

जोडीदार असेल तर उत्तम. तो प्रत्येक ट्रॅकच्या पातळीत +८ ते −८ डेसिबलमधला एक आकडा मिसळेल, कागदावर लिहील आणि कागद स्वतःकडे ठेवेल. हा बदल फेडरने करायचा नाही, क्लिपच्याच गेनमध्ये करायचा, म्हणजे फेडर कोरे राहतात. एकटे असाल तर सहाही ट्रॅक −२३ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) नॉर्मलाइझ करा. रीपरमध्ये ही सोय आतच आहे, आणि प्रत्येक ट्रॅक किती डेसिबलने बदलला ते नंतर त्या क्लिपच्या माहितीत पाहता येते. तोवर ते पाहू नका. सगळे ट्रॅक सारख्याच मोठ्या आवाजाचे झाले की गाणे विचित्र लागते. पॅड गायकाला झाकतो, साथीचे गायक मुख्य गायकाच्या पुढे येतात. तयार गाण्यात पॅड किती मागे असतो हे इथेच पहिल्यांदा नीट कळते.

सराव संगणकावर करता येतो, पण ज्या कन्सोलवर (मिक्सरवर) उपासनेत बसता त्याच्यावर केला तर हातही तयार होतो. बेहरिंगर एक्स३२ आणि मायडास एम३२ यांचे यूएसबी कार्ड संगणकातून ३२ चॅनल घेते. राउटिंगच्या पानावर इनपुट आठ-आठच्या गटांत असतात, ते स्टेजवरून कार्डवर वळवा. सहा स्टिरिओ ट्रॅकना १२ चॅनल लागतील, तेव्हा विषम-सम अशा जोड्या लिंक करा. मुख्य गायक मोनो केला तरी चालतो. मोनो केल्यावर त्याचा दोन्ही बाजूंना पसरवलेला रिव्हर्ब थोडा कमी होतो, आणि सरावाला ते बरेच पडते.

सॅम्पल रेट बघून घ्या. डेम्यूक्स ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइली देते आणि कन्सोल बहुधा ४८ वर असतो. रूपांतर न करता दर चुकीचा जुळला तर गाणे सुमारे ९ टक्के जास्त वेगाने आणि जवळपास दीड अर्धस्वर, म्हणजे पियानोच्या लागोपाठच्या दीड पट्टीएवढे वर वाजते. ट्रॅक एक्स्पोर्ट करतानाच ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा.

परत बांधणे

सगळे फेडर खाली. मूळ गाणे आज ऐकायचे नाही. अर्ध्याहून अधिक गाणे संपायच्या आत तोल बसला पाहिजे, अशी मर्यादा घाला, कारण उपासनेत पहिले कडवे संपेपर्यंत मिक्स उभे असावे लागते.

किकपासून सुरुवात करण्याची पद्धत प्रचलित आहे. उपासनेच्या गाण्याला आमचा कल उलट्या क्रमाकडे आहे: आधी मुख्य गायक. लोकांना त्याच्याबरोबर गायचे असते, शब्द कळले नाहीत तर ते गप्प होतात. गायक आरामात ऐकू येईल असा ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. त्यानंतर सुराला आधार देणारे वाद्य, म्हणजे पियानो किंवा अकूस्टिक गिटार, शब्द झाकले जाणार नाहीत इतपत. मग बास, मग ड्रम. पॅड सर्वांत शेवटी: हळूहळू वर न्या, ऐकू येऊ लागला की किंचित खाली घ्या. पॅड बंद केल्यावर उणीव भासावी आणि चालू असताना लक्ष जाऊ नये, ही त्याची जागा.

तोल बसल्यासारखा वाटला की दोन चाचण्या घ्या. सगळ्या मिक्सचा आवाज कुजबुजीइतका कमी करा, तरी शब्द कळले पाहिजेत. मग मोनो करा. दोन्ही बाजूंना पसरलेल्या गिटार मोनोत खचतात, आणि बऱ्याच सभागृहांतले स्पीकर मोनोच असतात.

आता कागद उघडा. समजा जोडीदाराने असे मोडले होते: गायक +४, साथीचे गायक −२, ड्रम −३, बास +६, गिटार −५, कीज +२. चिन्हे उलटी केली की उत्तर मिळते: गायक −४, साथ +२, ड्रम +३, बास −६, गिटार +५, कीज −२. तुमचे फेडर असे आहेत: गायक −६, साथ −१, ड्रम +३, बास −५, गिटार +१, कीज −४. थेट तुलना करू नका, आधी गायक जुळवा. तुमचा गायक २ डेसिबल खाली आहे, म्हणून तुमच्या सगळ्या आकड्यांत २ मिळवा: साथ +१, ड्रम +५, बास −३, गिटार +३, कीज −२. म्हणजे कीज अचूक, साथ १ ने कमी, ड्रम २ ने जास्त, गिटार २ ने कमी, बास ३ ने जास्त. २ डेसिबलपर्यंतचा फरक ही आवडनिवड समजा. ३ किंवा त्याहून जास्त फरक वहीत लिहा.

एका गाण्यावरून निष्कर्ष काढू नका. पाच-सहा गाण्यांत बास दर वेळी जास्तच लागत असेल, तर दोष कानापेक्षा हेडफोनचा किंवा खोलीचा असण्याची शक्यता अधिक. लहान स्पीकर खालचे सूर देत नाहीत, म्हणून माणूस बास वाढवत नेतो. साथीचे गायक सतत कमी पडत असतील तर ती तुमची सवय आहे, आणि ती उपासनेतही दिसत असणार.

हे उत्तर ध्वनिमुद्रणाचे आहे हे विसरू नये. सभागृहात स्टेजवरच्या ड्रमचा आवाज आपोआपच पोहोचतो आणि गायक मुद्रणापेक्षा १–२ डेसिबल पुढे ठेवावा लागतो. कागदाशी जुळवण्याचा हेतू कान आणि हात तपासणे एवढाच आहे.

हलता आवाज

इथे सुट्या ट्रॅकची मर्यादा समोर येते. मुद्रणातला आवाज आधीच कंप्रेस केलेला असतो. तुमचा कंप्रेसर त्याच्यावर लावला तर शिकण्यासारखे काही घडत नाही, फक्त श्वास आणि विभाजनाची खरखर वर येते. खरा गायक मात्र माइकपासून मागे सरकतो, कडव्यात पुटपुटतो, ध्रुवपदात ओरडतो.

ती चढउतार परत घाला. व्होकल क्लिपवर आवाजाची रेषा काढा आणि ओळीगणिक −८ ते +४ डेसिबलमध्ये वरखाली करा: एखादी ओळ −६, पुढचा शब्द +३, कडव्याचा शेवट −८. रेषा क्लिपमध्ये पक्की करून नवी फाइल बनवा, म्हणजे डोळ्यांना सुगावा लागणार नाही. आता कंप्रेसर बंद ठेवून एका बोटाने फेडर हाताळत संपूर्ण गाणे काढा. पहिल्यांदा तुम्ही प्रत्येक ओळीला उशिरा पोहोचाल. गाणे पाठ झाले की गायकाने श्वास घेतानाच फेडर हलू लागतो, आणि सराव त्यासाठीच आहे. मग ३:१ चा कंप्रेसर (ठरावीक पातळीच्या वर गेलेले दर ३ डेसिबल १ वर आणणारा) लावा, मोठ्या ओळींवर ४–५ डेसिबल दाबला जाईल असा थ्रेशोल्ड (दाब सुरू होण्याची पातळी) ठेवा आणि फेडरचे काम किती हलके झाले ते पाहा.

माइकमध्ये घुसणारे ड्रम

हा सराव सर्वांत जास्त शिकवतो. स्टेजवर गायकाच्या माइकमध्ये ड्रम येतातच. ध्वनी १ मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो, म्हणजे ड्रमपासून ३ मीटरवर उभ्या असलेल्या गायकाच्या माइकमध्ये ते जवळपास ९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतात. ड्रमच्या ट्रॅकची प्रत घ्या, मोनो करा, ९ मिलिसेकंद मागे सरकवा, १८ डेसिबल कमी करा आणि गायकाच्या ट्रॅकमध्ये मिसळून एकच फाइल करा.

आता गायकाच्या चॅनलवर कंप्रेसर लावा: ४:१, गाताना ६ डेसिबल दाब, वर ६ डेसिबल मेकअप गेन (दाबामुळे घटलेली पातळी भरून काढणारी वाढ). गायक गप्प बसला की कंप्रेसर सोडून देतो, पण मेकअप गेन तसाच राहतो. परिणामी दोन ओळींच्या मधल्या जागेत झांजा ६ डेसिबलने उसळतात. उपासनेत ‘ड्रम फार मोठे आहेत’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा कारण ड्रमच्या चॅनलमध्ये नसते, ते चार उघड्या व्होकल चॅनलमध्ये असते. मेकअप कमी करून पाहा, गायक गात नसेल तिथे फेडर खाली घ्या, ५–६ डेसिबलच्याच रेंजचा हलका एक्स्पांडर (शांत जागा आणखी खाली नेणारा) लावून पाहा. पूर्ण बंद होणारा गेट लावला तर पहिले अक्षर कापले जाते, तेही एकदा ऐकून ठेवा. शिवाय उशिराने आलेले ड्रम थेट ड्रममध्ये मिसळल्यामुळे स्नेअर पातळ लागतो. गायकाचा चॅनल म्यूट करून आणि उघडून फरक ऐका.

ईक्यू आणि इफेक्ट

ईक्यूसाठी जोडीदाराने एकाच ट्रॅकवर ७ डेसिबलची एकच उचल लपवावी: २५०, ४००, ८०० हर्ट्झ किंवा २.५, ४, ६.३ किलोहर्ट्झ. तुम्ही बटणाला हात लावण्याआधी ट्रॅक आणि आकडा मोठ्याने सांगायचा, मगच कापायचे. उचल देऊन ती सरकवत शोधण्याची सवय इथेच मोडा, सभागृहात तसे केले तर फीडबॅक येऊ शकतो.

रिव्हर्ब ट्रॅकमध्ये आधीच असल्याने तुमचा रिव्हर्ब त्याच्यावर चढतो आणि सगळे धुरकट होते. रिव्हर्ब काढणारे मॉडेल अल्टिमेट व्होकल रिमूव्हरमध्ये आहे. मुख्य गायक त्यातून काढा, थोडा कोरडा आणि कडक होईल, पण सरावाला पुरेल. डिलेची (प्रतिध्वनीची) वेळ मोजून ठेवा: एका पूर्ण ठोक्यासाठी (क्वार्टर नोट) ६०,००० भागिले टेम्पो, पाऊण ठोक्यासाठी (डॉटेड एट्थ) ४५,००० भागिले टेम्पो. टेम्पो ७२ असेल तर अनुक्रमे ८३३ आणि ६२५ मिलिसेकंद. ओळीच्या शेवटच्या शब्दावरच डिलेचा सेंड उघडायचा आणि पुढच्या ओळीआधी मिटायचा, हे हाताने करा.

या ट्रॅकना मर्यादा कुठे पडतात

प्रीॲम्पचा गेन, माइकची जागा, फीडबॅक, एका ड्रमवर लावलेल्या दोन माइकची फेज हे यातून शिकता येत नाही. इन-इअर मॉनिटरचा (वादक-गायकांच्या कानातल्या मिक्सचा) सराव मात्र चांगला होतो: चार ऑक्स (मुख्य मिक्सहून वेगळे आउटपुट) घ्या आणि गायक, ड्रमर, बासवादक, कीबोर्डवादक यांना काय हवे असेल असा विचार करून प्रत्येकाचे वेगळे मिक्स बांधा.

सुटे केलेले ट्रॅक सरावापुरतेच ठेवा. गाण्याचे हक्क मूळ मालकांकडे राहतात, म्हणून ते कोणाला पाठवणे, नेटवर टाकणे किंवा उपासनेत मागे वाजवणे टाळा. उपासनेत वाजवायला परवान्यासह विकले जाणारे मल्टिट्रॅक वेगळे मिळतात.

महिन्याभराने हाच सराव स्वतःच्या संघाच्या मुद्रणावर करा. तालमीच्या दिवशी कन्सोलच्या कार्डवरून सगळे चॅनल संगणकात घ्या, इफेक्ट आणि फेडरच्या आधीचा कोरा सिग्नल. नंतर तोच परत कार्डवरून वाजवा. सराव संपला की राउटिंग कार्डवरून स्टेजच्या इनपुटवर परत आणा आणि एक माइक बोलून तपासा. हे राहून गेले तर पुढच्या उपासनेत मीटर निपचित दिसतील आणि स्टेजवरचा एकही माइक वाजणार नाही. मूळ सीन (कन्सोलची सगळी मांडणी) सरावाआधीच साठवलेला असेल तर तो परत बोलावून हे काम एका बटणात होते.